हुंकार कोण देणार

रूपराव गुरुजींना लीलाबाईंचा हेवा वाटत होता आणि तो त्यांना धड लपवताही येत नव्हता. शाळा मुळात दोन शिक्षकांची. हिंगणीच्या पुढे, जंगलाला लागून एक लांबलचक खोली, मधे फळ्यांचा आडोसा. अलीकडे गुरुजींची तिसरी-चौथी, पलीकडे बाईंची पहिली-दुसरी. पलीकडे हशा पिकला की अलीकडे गुरुजींचा पाढा चुकायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षी बाई सिंदी मेघेहून आल्या. तोवर या गावात पोरांना बोलायला शिकवावं तर ते रूपरावांनीच. भाषण ते स्वतः लिहून देत, घोकून घेत, हात कुठे उंचवायचा तेही ठरवून देत. पंधरा ऑगस्टला त्यांचा विद्यार्थी उभा राहिला की सरपंच किसनराव मान डोलावत म्हणत, "गुरुजीचं पोट्टं हाये, अडकत नाई." तालुक्याहून मिळालेल्या ढाली कपाटात होत्या आणि गुरुजी त्या स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसत.

बाईंनी भाषणाचं नावच काढलं नाही. शनिवारी शेवटच्या तासाला त्या सगळ्या पोरांना निंबाखाली घेऊन बसत. एकानं आपल्यासोबत घडलेलं काहीतरी सांगायचं आणि एकानं समोर बसून हुंकार द्यायचा. घरी आजा कहाणी सांगतो तेव्हा कुणीतरी "हूं, हूं" म्हणतं, हुंकार थांबला की कहाणीही थांबते. तोच घरोघरचा रिवाज बाईंनी शाळेत आणला होता. मधे चूक काढायची नाही, एवढा एकच नियम.

"हे काय शिकवणं झालं?" गुरुजी घरी जेवताना म्हणाले.

"पोट्टे तं लय खूश हायेत," त्यांची बायको पंचफुला म्हणाली. "तुमी बी जाऊन बसा ना एक डाव."

गुरुजींनी पुढची भाकर घेतली नाही.

यातलं सगळं त्यांनी गिळलं असतं, पण रुखमाचं गिळता येईना. रुखमा जंगलूची पोरगी. जंगलू जंगलखात्याच्या कामावर जायचा, घरात त्यांची गोंडी बोली. गुरुजींच्या वर्गात ही पोरगी दोन वर्षं भिंतीला टेकून बसली आणि हजेरीला नुसती मान हलवत राहिली. गुरुजींनी तिला समजावलं, रागावलं, शेवटी नाद सोडला. आणि एका शनिवारी चौथीतला नत्थू धावत आत आला. "गुरुजी, रुखमा बोलली! अस्वलाचं सांगतलं तिनं!" गुरुजी जळले. चांगलं झालं असं वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. वाटलं मात्र नाही.

त्याच महिन्यात सेलूच्या वक्तृत्व स्पर्धेचं परिपत्रक आलं. विषय होता 'माझा अनुभव'. गुरुजींनी रुखमाचं नाव दिलं. तिला बोलतं कुणी केलं, ते तालुक्याला दिसू दे! अस्वलाची गोष्ट त्यांनी नत्थूकडून अर्धीमुर्धी ऐकली आणि आपल्या हातानं नीट लिहून काढली. 'एके दिवशी अरुणोदयाच्या सुमारास मी मातोश्रींसमवेत वनात गेले होते...' शेवटी धैर्याचं महत्त्व. पोरीचाच अनुभव पोरीकडून घोकून घेताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"मीही येऊ का?" बाईंनी विचारलं.

"शाळा कोण पाहील?"

"मग एक कराल का, गुरुजी? समोर बसून हुंकार द्याल तिला. तिला सवय आहे."

"स्पर्धा आहे, बाई. शेकोटीवरच्या गप्पा नाहीत," गुरुजी म्हणाले, आणि बाईंचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना मनापासून बरं वाटलं.

सेलूच्या शाळेचं सभागृह भरलं होतं. रुखमा नव्या रिबिनी बांधून उभी राहिली. "एके दिवशी अरुणोदयाच्या सुमारास मी मातोश्रीं..." आणि थांबली. पहिल्या रांगेतून गुरुजींचे ओठ हलले, 'समवेत'. तिनं पाहिलं. पुन्हा हलले. मागे कुणीतरी खिदळलं. पोरीची पाठ हळूहळू मागच्या भिंतीला टेकली आणि चेहऱ्यावर ते दोन वर्षांचं जुनं कुलूप आलं.

आता ही पुन्हा कधी बोलणार नाही, हे गुरुजींना लख्ख दिसलं. आणि तिला गप्प आपणच केलं, हेही. आपलं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी महत्प्रयासानं मागे सारलं.

"हूं," ते म्हणाले.

रुखमानं मान वर केली.

"हूं," गुरुजी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"मी मायसंग मोहा वेचाले गेलती," रुखमा म्हणाली.

"हूं."

"माय पुढं गेली. झाडाच्या तिकून कोनीतरी वेचून राह्यलं. काळं घोंगडं दिसे. मले वाटलं, आजाच हाये."

"सभागृहातून कोणी बोलू नये!" परीक्षकांनी घंटी वाजवली. रुखमा थांबली. गुरुजींनी कपाटातल्या ढालींचा विचार केला, आणि म्हणाले, "हूं."

"मी म्हनलं, आजा, सारा खाऊन नोको टाकू, माय बोलन. तं आजा बोलेच ना! नुसता मचमच खाय."

"मंग?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. हे नत्थूनं सांगितलंच नव्हतं.

"मंग त्यानं इकडं पाह्यलं. अस्वल होतं जी! मी टोपली तिथंच ठेवली अन् मागं मागं सरकली. आजा अजून मले म्हन्ते, माह्या वाट्याचा मोहा त्याले काऊन देल्ला?"

सभागृह हसलं. गुरुजी सगळ्यांत जास्त हसले. नियमभंगामुळे रुखमाचं नाव बाद झालं आणि गुरुजींना परीक्षकांची चार वाक्यं ऐकून घ्यावी लागली. येताना एस.टी.त पोरगी अखंड बोलत होती आणि गुरुजींचा घसा हुंकार देऊन देऊन बसला.

शनिवारी ते पहिल्यांदाच निंबाखाली गेले आणि टोकाला उभे राहिले. रुखमाची पाळी आली. बाई नेहमीप्रमाणे पदर सावरून तिच्यासमोर बसल्या. दोन वर्षं मुकी असलेल्या या पोरीला हुंकार त्या दुसऱ्या कुणाला देऊ देत नसत.

"नाई जी, बाई," रुखमा म्हणाली. "आज गुरुजी देतीन."

बाई हसल्या, "हो हो, बसा ना गुरुजी," म्हणत बाजूला सरकल्या. बसता बसता रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठांवर हसू होतं. डोळ्यांत जे होतं ते मात्र त्यांनी लगेच ओळखलं. वर्षभर ते त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत होतं.