बाकीचे सहा शब्द

पाचर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बाप लाकडाच्या वखारीत कामाला होता. हाही सोळाव्या वर्षापासून तिथेच ओंडके उचलायचा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे शोधून काढावं लागावं असं एकूण प्रकरण. एकोणिसाव्या वर्षी तो रग्बीच्या क्लबात दाखल झाला. पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला स्क्रममध्ये घातलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा माणूस नाही, पाचर आहे पाचर! एकदा ठोकली की निघायची नाही." झालं, तेच नाव चिकटलं.

स्क्रम म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून वाकतात, समोरच्यांच्या डोक्यांत डोकी अडकवतात आणि मधल्या चेंडूसाठी रेटारेटी करतात. पाचर पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला, तीन नंबरची जर्सी. मागून आपल्या सात जणांचा रेटा, समोरून परक्या आठांचा, आणि मध्ये ह्याची मान. टाळ्या मिळतात त्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला. पाचरीला कोण विचारतंय!

विचारलं ते एकीनेच. क्लबाच्या धुलाईखोलीत एक मुलगी कामाला होती. सोमवारी सकाळी चिखलाने कडक झालेल्या तेवीस जर्सी तिच्यासमोर येऊन पडायच्या. कोण किती खेळला, कोण नुसता बाकावर बसून आला, हे तिला कपड्यांवरून कळायचं. तीन नंबरच्या कॉलरवर रक्त ठरलेलं. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग पक्का बसतो. थंड पाण्यात भिजवायचं, मीठ चोळायचं, पुन्हा भिजवायचं. एका सोमवारी तीन नंबर स्वतःच दारात उभा राहिला. एक डोळा मिटलेला, कान फुलून वाकडातिकडा झालेला.

"तुम्हाला फार त्रास होतो ना माझा?" त्याने विचारलं.

"अजून तरी फक्त कॉलरचा होतो," ती म्हणाली.

वर्षभरात लग्न झालं. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. म्हणे, हा ओंडका घेऊन तू करणार काय? पण त्यांना माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. ह्या ओंडक्याचं डोकं विलक्षण होतं! चेंडू बाजूने आत फेकताना संघाच्या ज्या गुप्त खुणा असतात, त्या साठच्या साठ त्याला तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वीच्या सामन्यात पाऊस कितव्या मिनिटाला आला ते तो सांगायचा. दुकानातून आणायच्या वस्तूंची यादी एकदा ऐकली की बस. ती कौतुकाने बघत राहायची. असा नवरा मिळाला म्हणून तिला मनातून गर्व होता, आणि तो काही लपवण्यासारखा नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे. दर हंगामाच्या आधी क्लबाचा डॉक्टर प्रत्येक खेळाडूची परीक्षा घ्यायचा. दहा शब्द वाचून दाखवायचा, ते परत सांगायचे. महिन्यांची नावं उलटी म्हणायची. एका पायावर उभं राहायचं. मिळालेले गुण कागदावर, खाली खेळाडूची सही. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण पहिल्यापेक्षा कमी पडले तर बाहेर, निदान तीन आठवडे. आणि तीन आठवडे बाहेर बसलं की आपल्या जागी दुसरा कोणीतरी रुजतो, हे प्रत्येकाला ठाऊक.

रांगेत पाचरीच्या शेजारी खेळणारा एक जुना गडी होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याने पहिल्याच हंगामात पाचरीला बाजूला घेतलं.

"दहा शब्द विचारील. तू किती सांगणार?"

"दहा," पाचर म्हणाला.

"शहाणाच आहेस! दहा सांगितलेस की मेलास. आज दहा, मार बसल्यावर पाच, म्हणजे लगेच घरी. आज चार सांग. मग मार बसल्यावरही चार येतीलच की. काय बिघडणार आहे?"

सगळेच तसं करायचे. कोणी बोलायचं नाही, पण करायचे सगळे.

लग्नानंतरची पहिली परीक्षा जवळ आली तेव्हा त्याने हे बायकोला सांगितलं. तिला हसू फुटलं. परीक्षेत नापास होण्यासाठी अभ्यास करायचा, हे नवीनच! संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून, दिसेल त्यावरून आणि सुचेल त्यावरून तिने दहा शब्द वाचले: चाळणी, लिंबू, जिना, कात्री, घोडा, साबण, पूल, सावली, किल्ली, मावशी. पाचरीने डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं आणि अडखळत म्हणाला, "चाळणी... जिना... साबण... अं... किल्ली."

"अरे, इतका मठ्ठ नको दिसूस! डॉक्टर मलाच विचारील, बाई, असा नवरा देऊन फसवलं का तुम्हाला कोणी?"

मग ती विचारायची, "बाकीचे सहा?" आणि तो एका दमात सांगायचा: "लिंबू, कात्री, घोडा, पूल, सावली, मावशी." हा त्यांचा खेळच होऊन बसला. पुढचे दहा हंगाम, दर हंगामाला आठवडाभर. परीक्षा देऊन आला की दारातच ती विचारणार, "बाकीचे सहा?" आणि हा बूट न काढताच डॉक्टरचे लपवलेले शब्द घडाघडा म्हणून दाखवणार. दोघं पोट धरून हसायचे. त्या हसण्याची आठवण आली की आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सहाव्या हंगामात ती वेळ आलीच. स्क्रम कोसळला, वरून सगळे पडले, आणि कोणाचा तरी गुडघा ह्याच्या कानशिलावर बसला. उठला तो उलट्याच दिशेने चालायला लागला, परक्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लोक हसले. डॉक्टरने त्याला प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या खोलीत नेलं. ती कोरड्या टॉवेलांची टोपली घेऊन बोळात उभी होती, दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरने शब्द वाचले. पाचरीने चार सांगितले. डॉक्टरने जुना कागद काढला, बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "नेहमीसारखंच आहे. जा." पाचर तिच्या अंगावरून पळत मैदानात गेला. तिचा जीव भांड्यात पडला. हो, भांड्यात पडला! वाचलो, असंच वाटलं तिला. संध्याकाळी घरी आल्यावर तिने हसत विचारलं, "बाकीचे सहा?"

तो खाली बसून बूट काढू लागला. "आज मी लपवले नव्हते गं," तो म्हणाला. मग विचारलं, "जिंकलं कोण?"

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण लेक दोन वर्षांची, करार वर्षभराचा, आणि दोन दिवसांनी हा पुन्हा ठणठणीत. दोघंही गप्प बसले. असं पुढे किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही. एकदा तर देशाच्या संघातही निवड झाली, राखीव म्हणून. ऐंशी मिनिटं जाकीट घालून बाकावर बसला, एकदाही बोलावणं आलं नाही. ती जर्सी मात्र तिने धुतली नाही, कारण तिच्यावर डागच नव्हता. न धुताच घडी घालून ठेवली.

तिसाव्या वर्षी मानेने दगा दिला. क्लबाने एका सकाळी बोलावून सांगितलं, करार पुढे वाढणार नाही. कपडे बदलायच्या खोलीतली त्याची खुंटी रिकामी करायला एक पिशवी दिली. दुसऱ्या दिवसापासून खुंटीवर दुसऱ्याचं जाकीट. पाचर पुन्हा वखारीत गेला, मोजमाप लिहिण्याच्या कामावर. पाचेक वर्षं बरी गेली. मग मापं चुकायला लागली. मग वखारीचा रस्ता. मग एक दिवस लेक शाळेतून आली तर गॅस नुसताच सुरू, घरभर वास, आणि बाप शेजारच्या खोलीत शांतपणे बुटांच्या नाड्या बांधत बसलेला. चिडायचाही असा की भिंतीला पोचे पडायचे, आणि नंतर त्या पोच्यांकडे बघून विचारायचा, "हे कोणी केलं?"

आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. लेक शिकायला परगावी. बायको अजून धुलाईतच, पण आता एका इस्पितळाच्या. जाताना बाहेरून कडी लावून जाते. परत आली की तो खिडकीशी उभाच.

खेळाडूंच्या संघटनेचं एक केंद्र आहे. खेळामुळे ज्यांच्या डोक्यावर परिणाम झाला त्यांना सकाळी नऊ ते पाच सांभाळतात, फिरवतात, औषधोपचार करतात. तिथे जागा मिळाली की कडी लावावी लागणार नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. अट एकच: पूर्वी बरा होता आणि खेळून खेळून घसरला, हे दिसलं पाहिजे. सहा महिने खेटे घालून तिने तपासणीची तारीख मिळवली.

डॉक्टरीण प्रेमळ होती, उगाच खोटं कशाला बोला. डोक्याचे फोटो काढून झाले होते, त्यावरून ठाम काही सांगता येईना. मग तिने पाचरीला समोर बसवून दहा शब्द वाचले. आरसा, दगड, विहीर असे काहीतरी. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, मानेच्या शिरा फुगल्या. स्क्रममध्ये लावायचा तसा सगळा जोर त्याने लावला. बायको शेजारी बसून मनातल्या मनात शब्द मोजत होती.

"आरसा," तो म्हणाला. "दगड." मग खूप वेळाने, "पिशवी." आणि शेवटी, "ढग."

डॉक्टरिणीने क्लबातून आलेले अकरा कागद पसरले. एकेकावर बोट ठेवत गेली. "चार. पाच. चार. चार. तीन. चार..." तिने चष्मा काढला. "ताई, ह्यांची स्मरणशक्ती एकोणिसाव्या वर्षापासून अशीच आहे. आज जेवढी आहे तेवढीच. घसरण कुठे दाखवू मी?"

"खोटं आहे ते!" ती उभीच राहिली. "ते मुद्दाम कमी सांगायचे. सगळेच सांगायचे. मीच तयारी करून घ्यायचे ह्यांची, स्वयंपाकघरात. दहाच्या दहा यायचे ह्यांना!"

डॉक्टरिणीने एक कागद तिच्याकडे सरकवला. खाली छापलेलं होतं: मी सर्व उत्तरे प्रामाणिकपणे दिली आहेत. त्याखाली पाचरीची गोल, मोठी सही. अकराही कागदांवर तीच.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," डॉक्टरीण म्हणाली. "पण त्याने काय होणार? दहा यायचे तो कागद आहे कुठे? अशा तुम्ही पहिल्याच नाही, ताई. खूप जणी येतात."

ती खाली बसली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही दरवर्षी, तालीम करून.

बाहेर पायऱ्यांजवळ एक बाक होता. तिने पाचरीला तिथे बसवलं, त्याच्या जाकिटाची चेन वर ओढली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे ऐकेनात. तो तिच्याकडे बघत होता. चेहरा मात्र उजळलेला, कितीतरी महिन्यांत दिसला नव्हता असा.

"चारच सांगितले," तो हळूच म्हणाला, कोणी ऐकत नाही ना ते बघत. "ठरल्याप्रमाणे. तिला कळलंसुद्धा नाही."

क्षणभर तिला वाटलं, हा खरंच लपवून आला की काय? असेल तर आत धावत जाते, पुन्हा घ्या म्हणते, पाया पडते. पण मग आतल्या सगळ्यांना काय सांगणार, की ह्यांना दहा येतात, म्हणजे हे बरेच आहेत, केंद्राची गरजच नाही? तिला काय हवंय तेच तिला कळेना. तिने त्याचा हात धरला आणि बारा वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाकीचे सहा?"

पाचर ताठ बसला. डोकं खाजवलं नाही, वर पाहिलं नाही.

"लिंबू," तो म्हणाला. "कात्री, घोडा, पूल, सावली, मावशी."

एका दमात, क्रमाने, एकही न चुकता. आजच्यांतला एकही नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, ओट्यापाशी, तिने वाचलेले होते ते.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली. "दहाच्या दहा."

"मग शनिवारी खेळू देतील ना मला?"

"देतील," ती म्हणाली. तिने त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, त्याला उभं केलं आणि दोघं बसथांब्याकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. जाताना तिने बाहेरून कडी लावली.