दस्तगीरच्या डब्यातल्या कॅप्सूल

दस्तगीर गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, शमानं, दुकानात येऊन सांगितलं. काउंटरवर गिऱ्हाईक होतं, माझ्या हातात खोकल्याची बाटली होती. ती मी नीट कागदात गुंडाळून दिली आणि मग खाली बसलो. त्याला आता दीड महिना झाला. "तुमचा जिवलग गेला," असं लोक म्हणतात, मी मान हलवतो. त्यापुढचं आजवर कुणाला बोललो नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

दस्तगीर शहर बसचा ड्रायव्हर. राजारामपुरीतल्या माझ्या औषधाच्या दुकानासमोरून त्याची बस दिवसातून सहा-सात वेळा जायची आणि दर वेळी तो दोनदा हॉर्न द्यायचा. समोरच्या क्लासमधली पोरं दचकायची, मास्तर शिव्या घालायचे. मी शिरोळकडचा, उसाच्या रानातून नवाच शहरात आलेला. पहिल्याच आठवड्यात हा दुकानात घुसून म्हणाला, "काय पावणं, डोकं लई ठणकाय लागलंय. गोळी द्या की. आन् डॉक्टरकडं धाडू नगा!" आमची वीस वर्षांची दोस्ती तिथून सुरू झाली. डॉक्टरकडे ताटकळण्यापेक्षा गल्लीतले सगळेच माझ्याकडे यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बरणीतल्या कॅप्सूल कागदाच्या पुडीत बांधून वर 'सकाळ-दुपार-संध्याकाळ' लिहिलं, की आपण निम्मे डॉक्टर झालो असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याची दाढ सुजली. मी आठ दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, दाढ बसली. पुढच्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले. एकदा तर भर रस्त्यात बस उभी करून तो समोरच्या घरात पळाला. उतारू हसत होते, असं त्यानंच मला हसत हसत सांगितलं. दोष त्यानं स्टँडवरच्या हॉटेलातल्या भज्यांना दिला. मलाही तसंच वाटलं. पोटात जंतू गेले असतील म्हणून मी पुन्हा त्याच कॅप्सूल दिल्या, वर जुलाब बांधायची गोळी. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मग पुन्हा पुडी…

रजा वाढत गेली. संडासाला लागून असलेल्या खोलीत त्याची खाट टाकली. दिवसातून पंधरा-वीस वेळा उठायचं, पोटात पीळ, अंगात ताप. अख्खं कोल्हापूर फिरवणारा माणूस खाट ते संडास या सहा पावलांत अडकला. पाहुणे येणार म्हटलं की त्याला घाम फुटायचा. खिडकीतून बसचा आवाज आला की तो नंबर ओळखायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मला म्हणाला, "आण्णा, ही कसली ड्युटी रं? गाडी वळवायलाबी जागा न्हाय." मी त्याच्या उशाशी नवी पुडी ठेवली.

शेवटी त्याला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेतलं. त्यांनी विचारलं, "आधी कुठल्या कॅप्सूल घेतल्या होत्या?" मी नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "आपल्या आतड्यात चांगले जंतूही असतात. या औषधानं ते मरतात आणि त्या कॅप्सूलला दाद न देणारा एक जंतू मागे उरतो. पीक गेलेल्या रानात तण माजावं तसा तो माजतो, विष सोडतो, आतडं आतून सोलून काढतो. हे आम्हालाही अलीकडेच कळलंय. पहिल्याच जुलाबाला कॅप्सूल थांबवायला हवी होती. कोण देत होतं?"

"आहे एक दुकान…" मी म्हणालो.

औषध बदललं, पण आतडं फुगून पार गेलं होतं. मी खाटेजवळ गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. दस्तगीर क्षीण आवाजात म्हणाला, "तुझी पुडी आनली न्हाईस व्हय? हितलं औषध काय लागू पडंना." मी म्हणालो, "आधी बरा तर हो." आणि दुकान उघडायचंय असं सांगून पहिल्या गाडीनं कोल्हापूरला पळून आलो. होय, पळूनच. तिसऱ्या दिवशी शमा आली.

चाळिसाव्याच्या विधीनंतर भाभी, दस्तगीरची बायको, दुकानात आल्या. पदराखालून त्यांनी बिस्किटाचा डबा काढला. आत माझ्या पुड्या होत्या, माझ्याच अक्षरातल्या, काही न उघडलेल्या. म्हणाल्या, "आण्णाच्या हातचं हाय, फुकट घालवू नगं, असं सारखं म्हणायचे. मला काय टाकवंना. तुमीच कुना गरिबाला द्या."

मी डबा घेतला. तो काउंटरखालच्या खणात आहे. तो मला कुणाला देता येत नाही, आणि गटारात ओतायला हात धजत नाही. गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायला खण ओढला की तो आधी हाताला लागतो. आता कुणी "गोळी द्या की" म्हणत आलं, की मी त्याला डॉक्टरकडे धाडतो. लोक म्हणतात, आण्णाला मिजास आली.

भाभींना वाचता येत नाही. दर रविवारी शमा त्यांना पेपरची ही पुरवणी मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं हे माझ्या तोंडून निघालं नसतं. भाभी, डबा मी जपून ठेवलाय. आज रविवार असला तरी दुकान उघडं आहे. मी इथंच बसलोय.