पाइराहच्या पोटरीतला गोळा

सोलो शहराच्या दक्षिणेकडच्या आमच्या वस्तीतले निम्मे लोक पाइराहच्या जामूवर, म्हणजे झाडपाल्याच्या काढ्यांवर, चालतात, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. उजाडता उजाडता ती पाठीला बांबूची टोपली बांधून निघते. टोपलीत काढ्यांच्या नऊ बाटल्या: हळद-चिंचेचा, तांदूळ-कचोऱ्याचा, गुळवेलीचा कडूजहर, आणि पाय दुखणाऱ्यांसाठी खास पिंपळी-आल्याचा. हातात पेले विसळायची बादली. सायकलरिक्षावाले, बाटिकच्या कारखान्यात बुटक्या स्टुलांवर दिवस काढणाऱ्या बाया, शाळेतल्या मास्तरीणबाई, सगळे आपल्या पोटऱ्या तिच्यावर सोपवून निर्धास्त. त्रेचाळीस वर्षं हा फेरा चालू होता. आणि साठी उलटल्यावर एके रात्री पाइराहच्या स्वतःच्याच पोटरीत गोळा आला.

आता हे सांगायचं कुणाला? केस वाढवायचं तेल विकणाऱ्याला टक्कल पडावं, तशी गत.

एकदा आला तो मुक्कामालाच राहिला. झोपेत पाय जरा ताणला की पोटरी दगडासारखी व्हायची, बोटं वाकडी व्हायची आणि जीव डोळ्यांत यायचा. पाइराह उशीचा कोपरा दातांत धरून उठायची आणि गार फरशीवर टाच रेटून उभी राहायची. ओरडायची सोय नव्हती, कारण पडद्यापलीकडे मुलगा सुरोतो आणि सून एंदाह झोपलेली असायची. आठ-दहा रात्री तिने निभावून नेल्या. मग एकदा तोंडातून किंकाळी निसटलीच आणि सुरोतो धडपडत आला.

उपाय झाले नाहीत असं नाही. तिने आपला पिंपळीचा काढा दुप्पट घेतला. शेजारणीकडून पाठीवर नाण्याने ओरखडे काढून घेतले, अंगात शिरलेला वारा बाहेर पडावा म्हणून. पाठ तेवढी लालभडक झाली, वारा जागचा हलला नाही. मालिशवालीने पोटरीत अंगठे असे रुतवले की त्यापुढे गोळा परवडला.

सुरोतो स्वभावाने गरीब. आईला त्याने "काम सोड" असं तोंडावर म्हणणं शक्यच नव्हतं. त्याने काय केलं, एक टेबल करवून आणलं, अंगणाच्या फाटकाशी आंब्याखाली ठेवलं, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलं.

"आई, इथे सावली किती छान आहे बघ."

"आहे की."

"गिऱ्हाईक काय, चालत येईल. घाई नाही, महिनाभर फेरा करून बघ. पाय बरे नाही झाले, तर टोपली मामेबहिणीला देऊन टाकू. बिचारी नवीन धंदा शोधतेच आहे. चालेल ना?"

"हो रे, चालेल," पाइराह म्हणाली.

मनात ती म्हणत होती, मेले तरी चालणार नाही. पण आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तरी "हो" म्हणायची रीत आहे. समोरच्याने ते ओळखायचं असतं. सुरोतोने या खेपेला ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. टेबलापाशी बसून राहायचं या कल्पनेनेच पाइराहला गुदमरायला होई. तो फेरा म्हणजे तिचं सगळं जग होतं. कुणाची सून गरोदर आहे, कुणाचं पोट बिघडलंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं तिला त्या वाटेवर कळायचं. बसल्या जागी कोण येऊन सांगणार होतं?

म्हणून मग तिने मनाचा हिय्या केला आणि सरकारी दवाखाना गाठला. डोक्यावरून ओढणी पुढे ओढून, मागच्या गल्लीने. जामूवाली डॉक्टरांच्या रांगेत दिसली असती तर संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं असतं. तिची रक्तदाबाची गोळीसुद्धा एरवी एंदाहच गुपचूप आणून द्यायची.

नंबर मिळाला सत्तेचाळीस. अडीच तास बाकावर. आत गेली तर तरुण डॉक्टर संगणकाकडे बघत होते. मुलगा चांगला होता, मोठ्या बाईला "बू", म्हणजे आई, म्हणणारा, बोलणं गोड होतं.

"काय होतंय, बू?"

"पायात गोळा येतो, डॉक्टरसाहेब. रात्री."

"अच्छा. बाकी झोप व्यवस्थित?"

"हो जी."

"पाणी भरपूर पिता ना?"

"हो जी."

"जड काम काही करत नसाल?"

"हो जी."

"रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिचा काही त्रास नाही ना?"

"हो जी. नाही जी. हो जी."

डॉक्टरांनी सगळं टिपून घेतलं आणि जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. तीन मिनिटांत पाइराह बाहेर. पंधरा दिवसांनी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी पहिल्यांचं टिपण वाचलं, "सगळं छानच आहे की, आता वयाप्रमाणे थोडं होणारच," असं म्हणाले आणि हसले. पाइराहही हसली. गोळ्या त्याच, फक्त डबी मोठी.

घरी येऊन मात्र तिने भांडी आदळली. "डॉक्टर म्हणे! पायाला हात लावला नाही. बघितलंसुद्धा नाही. वय झालं, हे सांगायला शिकावं लागतं होय? ते तर माझा आरसासुद्धा सांगतो, आणि रांग न लावता."

"किती चालता ते सांगितलंत का त्यांना?" एंदाहने भीत भीत विचारलं.

"विचारलं कुठे त्यांनी? जड काम नाही ना, एवढंच विचारलं."

"मग?"

"मग काय? हो म्हटलं. डॉक्टर माणसाचं बोलणं खोडून काढू?"

एंदाहला त्यात काही वावगं दिसलं नाही. तीही तेच म्हणाली असती.

गंमत अशी की हीच पाइराह फेऱ्यावर असली की कुणाच्या "हो"वर चिमूटभर विश्वास ठेवत नाही. रिक्षावाला म्हणाला, जेवलो, तर ती त्याचे ओठ बघते. कारखान्यातली पोरगी म्हणाली, पाळी नीट येते, तर ही तिसऱ्यांदा विचारते, चौथ्यांदा विचारते, आणि पोरगी रडायला लागली की मग बाटली उघडते. सात प्रश्न विचारल्याशिवाय तिने आजवर कुणाला पेला दिलेला नाही. तिचा गुण काढ्यात कमी आणि त्या प्रश्नांत जास्त, असं माझं मत आहे. ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

महिना संपायला आठ दिवस राहिले. गोळा आता दोन्ही पायांत येऊ लागला होता. एका सकाळी मशिदीच्या चढावर पाय असे थरथरले की पाइराहला भिंत धरून उभं राहावं लागलं, आणि गुळवेलीची बाटली फुटली. ती तशीच टोपलीसकट वळली आणि तडक दवाखान्यात गेली. ओढणी नाही, मागची गल्ली नाही. लाज वाटायला अंगात त्राण लागतं, आणि ते उरलं नव्हतं.

त्या दिवशी खुर्चीत डॉक्टर तिउर्मा होत्या, तोबा सरोवराकडच्या बताक, म्हणजे तोंडावर सडेतोड बोलणाऱ्या लोकांतल्या. नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत यायचा आणि आमची सोलोची मऊ बोलणारी माणसं त्या आवाजाने आपला आजार विसरून जायची. त्यांनी जुनं टिपण मोठ्याने वाचलं.

"झोप व्यवस्थित. पाणी भरपूर. जड काम नाही. औषधांचा त्रास नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बू, तुमची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. मग इथे कशाला आलात?"

परिचारिका शरमून गेली. असं कुणी बोलतं का वडीलधाऱ्या माणसाशी!

"हे सगळं खरं आहे?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

पाइराहच्या ओठांवर "हो जी" तयारच होतं. त्रेसष्ट वर्षं ते तिथेच बसलेलं होतं. पण तिला एकदम वाटलं, आपण फेऱ्यावर उभ्या आहोत, समोर कुणीतरी बाई आहे, आणि ती आपल्याला धडधडीत खोटं सांगते आहे. ही बाई जर माझं गिऱ्हाईक असती तर मी तिचं ऐकून घेतलं असतं? हिला मी हाकलून दिलं असतं!

"नाही," पाइराह म्हणाली.

शब्द मोठ्याने आला. तिला स्वतःलाच दचकायला झालं. परिचारिकेच्या हातातला कागद खाली पडला. पण आभाळ काही कोसळलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी फक्त खुर्ची पुढे ओढली.

"झोप?"

"नाही."

"पाणी?"

"नाही. सकाळपासून एक पेला. जास्त प्यायले तर जायचं कुठे? टोपली कुणाच्या दारात उतरवायची आणि कुणाच्या मोरीत बसायचं? त्यापेक्षा तहान बरी."

"जड काम?"

"ती बाहेर ठेवलीय, बघा ना."

डॉक्टरीणबाई उठून बाहेर गेल्या, टोपली उचलायला वाकल्या आणि तशाच सरळ झाल्या. मग परिचारिकेने आणि पहारेकऱ्याने मिळून ती वजनकाट्यावर ठेवली. एक बाटली कमी असूनसुद्धा एकवीस किलो भरली. रांगेतली माणसं उठून बघायला आली. त्यात तिची गिऱ्हाइकं होती, अर्धीअधिक. पाइराहने सगळ्यांकडे नीट बघितलं. आता बघायचंय ते बघा म्हणावं.

"रोज किती चालता?"

"सात-आठ किलोमीटर. उन्हात."

"आणि रक्तदाबाची गोळी?"

"ती घेते. ती घेतल्यावर लघवीला फार होते, म्हणून तर पाणी बंद केलं."

"अहो बाई!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "ती गोळी अंगातलं पाणी आणि क्षार बाहेर काढते. वरून घाम. वरून तुम्ही पाणी तोडलंत. पोटरीने गोळा नाही आणायचा तर काय आणायचं? हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुणी खरं विचारलं नाही," पाइराह म्हणाली, आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "आणि मीही खरं सांगितलं नाही."

रक्त तपासायला घेतलं गेलं. पोटऱ्या दाबून, पावलं वाकवून, घोट्याजवळची नाडी बघून झाली. आठवड्याने तपासणीचा अहवाल आला, गोळी बदलली. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला घट्ट ठेवून पोटरी ताणायची, एकेक पाय, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतः भिंतीशी उभं राहून दाखवलं. दुप्पट काढा बंद. पाण्याचं तिने स्वतः बघायचं होतं.

तेही तिने बघितलं. ज्या बाईने एकदा "नाही" म्हटलं तिला "द्या" म्हणणं किती अवघड? बाटिकच्या कारखान्यात, मशिदीमागे आणि शाळेत, तीन ठिकाणी तिने सरळ सांगितलं: इथे मी टोपली उतरवणार, पाणी पिणार आणि तुमचा संडास वापरणार. कुणी हूं की चूं केलं नाही. कारखान्यातल्या बायांनी तर तिच्या नावाचा माठ भरून ठेवला.

बदललेल्या गोळीला तर अजून दोनच दिवस झाले होते आणि महिनाअखेर आली. गोळा पळून गेला नव्हता. आठवड्यात एकदा आला होता, तोही मवाळ. एरवी रोज यायचा. सकाळी ती बाटल्या भरत होती तेव्हा सुरोतो टेबलावरचं फुलाफुलांचं कापड झटकत फाटकापाशी उभा राहिला. सोबत मामेबहीण आलेली होती, हात पोटाशी धरून, अवघडलेली.

"आई, परवा रात्री उठली होतीस ना? मला कळलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मग ठरल्याप्रमाणे करू या. टोपली हिला देऊ. चालेल ना?"

एंदाह दारात थांबली. तिघंही वाट बघत होते, कारण उत्तर काय येणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

"नाही," पाइराह म्हणाली.

सुरोतोला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नाही चालणार, बाळा. त्या दिवशीही चालणार नव्हतं. मी खोटं बोलले, तुझं मन राखायला. पाय माझे आहेत आणि आता ते ऐकताहेत. ज्या दिवशी थकेन त्या दिवशी मीच सांगेन, तुला विचारावं लागणार नाही." मग ती मामेबहिणीकडे वळली. "तुला शिकायचंय ना? उद्या पहाटे चारला ये, हळद वाटायला. तुझी टोपली वेगळी घेऊ, आणि वस्तीही वेगळी. ही वाट माझी आहे."

सुरोतोचा चेहरा पडला, मग त्याच चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्यालाही महिनाभर नीट झोप नव्हती. आपली आई हसतमुखाने "हो" म्हणत आतून विझत चालली आहे, हे त्याला दिसत होतं आणि विचारायचं कसं ते कळत नव्हतं. आता विचारायचं काही राहिलंच नाही.

तो खाली वाकला, एकवीस किलोंहून जड झालेली भरली टोपली उचलून त्याने आईच्या पाठीला लावली आणि शेल्याची गाठ तिच्या छातीशी घट्ट मारली.

"जास्त आवळली का?" त्याने विचारलं.

"हो," पाइराह म्हणाली. "सैल कर."

त्याने गाठ सैल केली आणि ती फेऱ्याला निघाली.