ग्रहणाचं पाळीपत्रक

“आपली चारी तिसरी, भाऊसाहेब,” असं म्हणून तो डाव्या हाताची तीन बोटं वर करायचा आणि उजव्या हाताने त्यातलं तिसरं घट्ट धरून ठेवायचा. विषय पाण्याचा असो की जेवणाच्या डब्याचा, बोलणं शेवटी त्या तिसऱ्या बोटावर यायचं. ते बोट चंद्रग्रहणाचं होतं. नवीन माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी जुना असूनही तेवढाच गोंधळलेला असायचो, फक्त मान डोलवायला शिकलो होतो.

काष्टीजवळच्या आमच्या पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात मी कारकून आणि तो पाटकरी. कालव्याला पाणी सुटलं की ते कुठल्या चारीला, म्हणजे कुठल्या फाट्याला, कुणाच्या शेताला, किती वाजता द्यायचं हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. धरणातून असं पाणी सुटण्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. प्रत्येकाची पाळी तासावर ठरलेली असते, पाळीपत्रकात लिहिलेली असते, आणि पाणी मिळालं की शेतकरी नावासमोर सही करतो. तुमच्या गावातही असा एखादा असेल, ज्याला सगळं जग आपल्याच कामाच्या कागदावर मांडावंसं वाटतं. आमचा तसा होता.

अंगाने काटक, मिशी मात्र अंगापेक्षा मोठी. मिशीखाली वरच्या ओठावर शिवल्याची खूण होती. तो फाटक्या ओठाचा जन्मला होता. आठव्या वर्षी नगरला नेऊन ओठ शिवला, पण बोलताना थोडी हवा नाकातून जायची, त्यामुळे अनोळखी माणसाला वाक्य दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. तो न चिडता दुसऱ्यांदा सांगायचा.

त्याच्याविरुद्ध तक्रारी फार. रात्रीची पाळी बाईमाणसाच्या नावावर आली की हा पठ्ठ्या ती गुपचूप दिवसाच्या पाळीशी बदलायचा. मग ज्याची दिवसाची पाळी गेली तो रात्रभर चिखलात उभा राहून सकाळी माझ्या टेबलासमोर शिव्या देत यायचा. मी पाटकऱ्याला बोलावायचो.

“पाटकरी, हे काय केलंत? खुलासा काय लिहू?”

“ल्हिवा की. लिपिकाची चूक.”

“लिपिक मी आहे!”

“म्हनून तर म्हन्लं. तुमाला कोन शिव्या देतंय?”

देत होते, पण त्याचा चेहरा इतका सरळ असायचा की मी खरंच तसं लिहून मोकळा व्हायचो. माझ्या हातून न झालेल्या निदान पंधरा चुका त्या फायलीत माझ्या नावावर आहेत.

बायांना रात्री पाण्यावर का पाठवायचं नाही, हे त्याने एकदा चारीच्या दारावर बसून सांगितलं. आजपासून चोपन्न वर्षांपूर्वीची, म्हणजे तो आईच्या पोटात होता तेव्हाची गोष्ट. त्या श्रावणात पावसाने ओढ दिली होती. नारळी पौर्णिमेच्या रात्री एकच्या सुमाराला त्यांच्या रानाची पाळी होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. बाप तापाने फणफणलेला. पाळी चुकली असती तर पीक गेलं असतं. तेव्हा तिसरा महिना चाललेली त्याची आई फावडं घेऊन एकटी रानात गेली आणि लाल चंद्राखाली तिने बांध फोडून पाणी घेतलं. पीक वाचलं. माघात हा जन्मला, ओठ फाटलेला. ग्रहणात गरोदर बाईने काही कापू नये, चिरू नये, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं.

“समदे म्हन्ले, जितं बांद फोडला तितं वठ फाटला,” तो म्हणाला. “आये कुनाला उलटून बोल्ली न्हाई. पर तवापून ती पुनवंच्या राती आंगनात येत न्हाई. वर बगतच न्हाई, भाऊसाहेब.”

मी विचारलं, “मग तुमचा जन्म माघातला? दाखल्यावर तर एक जून आहे.”

आमच्याकडे निम्म्या लोकांचा जन्म एक जूनला होतो, कारण मास्तरांना तीच तारीख लिहायला सोपी. याच्या दाखल्यावर मास्तरांनी सालही एक मागचं घातलं होतं. पाटकऱ्याने हिशेब केला, तर सरकारी कागदाप्रमाणे तो ग्रहणाच्या दोन महिने आधीच जन्मला होता. तो दाखला घेऊन आईकडे धावला. “आये, कागदानं तू सुटलीस!”

आई म्हणाली, “मास्तरनं नुसतं ल्हिवलंय. जन्म म्या दिलाय.”

मग तो दुसऱ्या वाटेने निघाला. शाळेत एक विज्ञानाचे मास्तर बदलून आले होते. त्यांनी त्याला सांगितलं की ग्रहणंही आवर्तनाने येतात. एक ग्रहण झालं की अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी त्याच मालिकेतलं पुढचं येतं, जवळजवळ मागच्यासारखंच. त्याच्या आईच्या ग्रहणाचं आवर्तन यादवांच्या काळात सुरू झालेलं आणि अजून पाचशे वर्षं चालणारं. तो हरखला. मला समजावताना म्हणाला, “चारीला पानी येतं तसंच. आदी नुसती वल. मंग पाट भरून. मंग परत वल. सातशे वर्सं चाललंय, भाऊसाहेब, आन एक पाळी चुकली न्हाई.”

“बरं, मग?”

“मंग तेच गिरान परत आलं की आयेला त्याच्याम्होरं बसवायची. आन इचारायचं, बाबा, म्या तुजं काय केलं हुतं?”

त्याने दोन आवर्तनं मोजून जाहीर केलं की त्या साली, म्हणजे त्याच्या छत्तिसाव्या वर्षी, नारळी पौर्णिमेला आईचं ग्रहण परत येतंय. गुरव पंचांग घेऊन आला आणि म्हणाला, आपल्याकडं दिसनार न्हाई. हा म्हणाला, पंचांग चुकलं आसंल. लोकांनाही पाटकऱ्याच्या वेळेवर विश्वास ठेवायची सवय. घरोघरी शिजलेलं बाजूला ठेवलं, पाण्यात तुळशीची पानं टाकली, नारळीभात पडून राहिला. मीही दुपारपासून उपाशी, आणि तेव्हा मला ॲसिडिटीचा त्रास होता. त्याने आईला हाताला धरून बांधावर आणलं. किती वर्षांनी ती पौर्णिमेला घराबाहेर आली होती. चंद्र वर आला तो गरगरीत, पांढरा, डाग नाही. रात्रीचा एक वाजला, दोन वाजले. लोक हसत हसत जेवायला गेले. आई उठली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

घोळ काय झाला होता? वर्षं धरली होती, दिवस धरले होते, दोन्ही खेपांचे वरचे आठ-आठ तास सोडून दिले होते. अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी भावाभावांची भांडणं मिटवणारा हा माणूस आठ तास विसरला! त्या आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते. ग्रहण झालं, पण आपल्याकडे दुपार असताना, दुसऱ्यांच्या रात्रीत. मास्तरांनी लिंबू आणि टॉर्च घेऊन मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मला लिंबू तेवढं कळलं.

पाटकऱ्याला मात्र क्षणात कळलं, आपल्या पद्धतीने. “पिरथिमीला तीन चाऱ्या हायेत, भाऊसाहेब. पानी एका चारीला सुटलं की पुडच्या आवर्तनाला दुसरीला, मंग तिसरीला. आपल्या चारीला पाळी तिसऱ्या खेपंला. आयेच्या टायमाला आपली हुती. त्यानंतर मी अठराचा आसताना दुसऱ्यांची, औंदा आनखी दुसऱ्यांची. आता जी यील ती आपली.” आणि त्याने तिसरं बोट धरलं.

अठरा वर्षं थांबायचं होतं. त्याने कार्यालयातल्या कोऱ्या पाळीपत्रकावर ते रीतसर लिहून काढलं. चारी क्रमांक तीन. भाद्रपद पौर्णिमा, रात्री दहा ते दीड. पाळी घेणाऱ्याचं नाव, आईचं. पुढे सहीची जागा. त्याखाली आणखी एक ओळ, त्यापुढच्या चोपन्न वर्षांनंतरची. तिथे नाव रिकामं.

मी एकदा वैतागून विचारलं, “अहो, पण ग्रहण परत आलं म्हणून आईचं काय सुटणार?”

त्याने चारीत अडकलेला पाला हाताने बाजूला सारला. “गिरान त्याच्या पाळीनं आलं. आये तिच्या पाळीनं गेली. दोन पाळ्या एका येळंला आल्या. त्यात तिचा काय गुन्हा?”

“मग चूक कुणाची?”

“लिपिकाची,” तो म्हणाला आणि मिशीतून हसला.

त्या अठरा वर्षांतली पंधरा त्याने काढली. एका सकाळी आवर्तन चालू असताना कालव्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल नीट स्टँडला लावलेली सापडली आणि तो शेजारी बाभळीला टेकून बसलेला. हृदयाचा झटका. पाळीपत्रक त्याच्या मुलीने मला आणून दिलं. “आण्णा म्हन्ले हुते, मी नसलो तर भाऊसाहेबांना द्या.” मी ते कपाटात ठेवलं आणि तीन वर्षं त्या कपाटाकडे बघायचं टाळलं. तो असता तर काय करायचं ते त्याला माहीत होतं. मला आठ तासांचंही नीट माहीत नव्हतं.

गेल्या भाद्रपदात ती पौर्णिमा आली. मी कागद घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हातारी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. पाटकऱ्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सहावा महिना. तिला संध्याकाळपासून आतल्या खोलीत निजवून ठेवलेलं, खिडकीला गोधडी लावलेली. ओठाचं असं घराण्यात पुढे येऊ शकतं, एवढं मी डॉक्टरांकडून ऐकून होतो. म्हातारीला बाहेर नेलं आणि उद्या काही कमीजास्त झालं, तर तिच्यावर दुसऱ्यांदा तेच. मी कागद खिशातच ठेवला.

“आनलाय का कागद?” म्हातारीने न वळता विचारलं. “म्हनला हुता त्यो, भाऊसाहेब आनत्याल.”

मी तिला बांधावर नेलं. ढग होते, पण फाटत होते. अकरा वाजता चंद्र पूर्ण लाल झाला. म्हातारी मान खाली घालूनच होती. मला वाटलं, गेलं, हेही फुकट. मग तिने हळूहळू मान वर केली. बराच वेळ बघत राहिली.

“त्योच हाय,” ती म्हणाली. “आसाच हुता. लई सोबत केली त्यानं मला त्या राती. नुसता अंदार आसता तर भ्याले आसते.”

इतकी वर्षं मी ऐकलेल्या गोष्टीत हे कुठेच नव्हतं. पाटकऱ्यालाही ते माहीत नसावं. मला त्याची इतकी आठवण आली की मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

“मंग चूक कुनाची म्हनायचा त्यो?” तिने विचारलं.

“लिपिकाची,” मी म्हणालो.

म्हातारी हसली. तेवढ्यात दारातून मुलीचा आवाज आला. ती उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. “आज्जी, मी बगू का?”

म्हातारीने चंद्राकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

“ये,” ती म्हणाली. “चप्पल घालून ये. बांदाला काटं हायेत.”

मुलगी येऊन तिच्या शेजारी बसली. म्हातारीने तिचा हात आपल्या हातात घेतला. “तुला काय हुनार न्हाई. आन झालंच, तर ते तुज्यामुळं न्हाई. ध्येनात ठिव.” मग मी खिशातून कागद आणि शाईची डबी काढली आणि म्हातारीने सहीच्या जागी अंगठा उठवला.

मार्गशीर्षात मुलगी झाली. बारशाला गेलो, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी पाळण्यात वाकून ओठ बघितला आणि मग माझी मलाच लाज वाटली. ओठ अखंड होता. तो फाटलेला असता तरी म्हातारीचं ‘ये’ मागे गेलं नसतं, असं मला वाटतं, पण खात्रीने मी काहीच सांगू शकत नाही.

नाव ठेवून झाल्यावर म्हातारीने पाळीपत्रक मागितलं आणि खालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. “हिचं ल्हिवा हितं.” मी लिहिलं. चोपन्न वर्षांनी ही चोपन्न वर्षांचीच असेल. पाळण्यात ती मूठ आवळून झोपली होती आणि म्हातारी त्या मुठीतलं एकेक बोट सोडवत होती. तिसऱ्यावर आल्यावर तिने ते धरून ठेवलं.