सासूबाईंनी सर केलेला ज्वालामुखी

मागच्या मंगळवारी सकाळी आठ वाजता आम्ही हवाईत, एका ज्वालामुखीच्या पोटात उभे होतो... अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॅरी गावाहून आलेले मी, नवरा मंदार, बारा वर्षांची लेक ईरा, आणि दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई.

डायमंड हेड नावाचा हा ज्वालामुखी कधीचाच विझलाय. गाडी बोगद्यातून थेट विवरात शिरते, आणि तिथून काठावरच्या शिखरापर्यंत पायवाट जाते. गर्दी म्हणाल तर जत्रा... आधी स्लॉट बुक केल्याशिवाय आत सोडत नाहीत.

आई, म्हणजे सासूबाई, एकाहत्तर वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी गुडघा बदलला, त्याआधी कित्येक वर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढायच्या. ऑपरेशननंतर त्यांचं चढणं बंद झालं... डॉक्टरांनी नाही, मंदारने फोनवरून केलं.

त्या इकडे आल्यापासून कुठेही गेलो की आमचं ठरलेलं. आईंना एक बाक शोधून द्यायचा, सगळ्यांच्या बॅगा त्यांच्याजवळ ठेवायच्या आणि "आलोच हं" म्हणून सटकायचं. उगाच सगळं मंदारवर ढकलत नाही, मीही त्यात सामील होते.

त्या दिवशीही मंदारने सावलीतला बाक हेरला. आईंनी शांतपणे बॅगा त्याच्याच हातात दिल्या, ओढणी कमरेला बांधली, वाकून वाटेला हात लावून नमस्कार केला, गडाच्या पायथ्याशी करतात तसा... आणि चालायला लागल्या.

मंदार मागे धावला. "अगं आई, पाय दुखला तर इथे कोण आहे आपलं?"

"तू आहेस की. चल."

तेवढ्यात ईराने बॉम्ब टाकला. "डॅड, रिलॅक्स. आजी रोज प्रॅक्टिस करते, व्हेन यू गाईज आर ॲट वर्क."

आम्ही ऑफिसला गेलो की आई घरातला जिना वीस-वीस वेळा चढत-उतरत होत्या. तेही साताऱ्याच्या फिजिओला फोनवर विचारून, आणि ईरा शाळेतून आली की मोजायला बसायची... आम्हा दोघांना पत्ताच नाही. मंदारचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

वाट खडबडीत, वळणावळणाची. आई एका लयीत, न बोलता चढत होत्या. दम लागला तर कठडा धरून उभ्यानेच घ्यायच्या, बसायचं नाव नाही... वर्षभर जिमला जाणारी मी मात्र धापा टाकत होते.

अरुंद बोगदा संपला आणि समोर सरळसोट नव्व्याण्णव पायऱ्या. खरं सांगते, तिथे मी घाबरले... हॉस्पिटल, इन्शुरन्स, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आई पाणी प्यायल्या, वर बघितलं, आणि मंदारने पुढे केलेला हात बाजूला सारून कठडा धरला.

आधी चांगला पाय, मग बदललेला. एक पायरी, मग दुसरी... मागे लोक खोळंबले होते, पण कोणीही घाई केली नाही. सत्तरनंतर कुठेतरी माझी मोजणी चुकली, ईराची नाही.

शिखरावर भन्नाट वारा होता. एकीकडे निळाशार समुद्र, दुसरीकडे परातीसारखं पसरलेलं ते अख्खं विवर. आईंनी श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात "हर हर महादेव" म्हणाल्या... आजूबाजूच्यांना शब्द कळले नसतील, पण टाळ्या मात्र वाजल्या. मी तर चक्क रडले.

उतरताना मंदार हळूच म्हणाला, "आई, मला भीती वाटायची गं."

"माहीत आहे मला," आई म्हणाल्या. "पण भीती तुला वाटणार, आणि बसून राहायचं मी?"

काळजी म्हणता म्हणता आपण आपल्या माणसांना किती सहज बाजूला बसवतो... थँक यू आई, तुम्ही आमचं ऐकलं नाहीत.