शून्य तोट्याची कॉइल

शिंदखेडा-धुळे बसमध्ये एक जण रोज माझ्या शेजारी बसायचा, मांडीवर लॅपटॉप उघडायचा आणि कोपर माझ्या बरगडीत रुतवायचा. स्क्रीनवर त्याच्या हौशी रेडिओची एरियल असायची, नुसती आराखड्यातली. गॅलरीत मावेल इतकी आखूड, आणि कमी पडलेल्या लांबीची भरपाई म्हणून तारेची कॉइल. ती तो कधी बुडाशी सरकवायचा, कधी मध्यावर. आवाज किती लांब पोचेल याचे आकडे मात्र नेहमी झकास, कारण पठ्ठ्या कॉइलमधला तोटा शून्यच धरायचा! मलाही रेडिओचा नाद, त्यामुळे ते बघवेना.

"अहो, खरी कॉइल ताकद खाते!" एकदा मी वैतागून ओरडलोच. "ती बांधा आणि रेडिओवर कुणाला हाक तर मारून बघा!"

त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"बांधसू ना भाऊ. पण मंग कोणीच बोलनं नही तर?"