चुलत्यांसाठी दोन चड्ड्या

बसले तशी किंचाळले. मांडीवरची पोर दचकली, तोंडातलं सुटलं आणि दूध तिच्या नाकात गेलं. आईनं तिला ओढून घेतलं, पालथी धरली, पाठ चोळली. पोर निळी पडली होती ती हळूहळू लाल झाली आणि रडायला लागली. मी भिंतीला धरून उभी राहिले. टाक्यातून रक्त येऊन पायावर ओघळलं होतं. तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "उभं राहून काय कळतंय? बसून बघा!"

मला वाटलं, मेला मलाच म्हणतोय.

तो मला म्हणत नव्हता. पलीकडे शिंप्याचं दुकान होतं आणि तिथं कुणीतरी नवा लेंगा घालून आरशापुढं उभं होतं. पंचवटीत आम्ही राहायचो ती एकच लांब खोली. मालकानं मधे फळ्या ठोकून तिचे दोन भाग केलेले. एकात आमचा संसार, दुसऱ्यात मास्तरांचं मशीन. फळ्यांमधे बोटभर फटी. आमच्या घरातली फोडणी त्यांना कळायची आणि त्यांची गिऱ्हाइकं आम्हाला पाठ झाली होती.

असा शिंपी तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. अंगानं काडी, गळ्यात टेप, कानावर खडू. पण या माणसाची एक खोड होती. कपडा तयार झाला की गिऱ्हाईक घालून बघतं, आरशात बघून खूष होतं आणि निघतं. हे निघू द्यायचे नाहीत. दुकानात एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायला लावायचे. "आसन बसल्यावर कळतं," म्हणायचे. लेंग्याच्या मधल्या भागाला शिंपी लोक आसन म्हणतात. आणि गिऱ्हाईक बसलं की मास्तर कपड्याकडं बघायचे नाहीत, मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडं बघायचे. कपाळाला बारीक आठी पडली तरी म्हणायचे, "काढा." हमाल असो की व्यापारी, सगळ्यांना हाच न्याय. काही लोक वैतागायचे. जायचे मात्र त्यांच्याकडंच.

आता मला काय झालं होतं ते सांगते. लाजायचं माझं वय गेलं.

पहिला मुलगा घरीच झाला आणि महिन्याच्या आत गेला. दूध ओढायचा नाही, वाळत वाळत गेला. म्हणून दुसऱ्या वेळी दवाखान्यात नेलं. पोर मोठी, चिमटा लावून काढली, मला टाके पडले. घरी पाठवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोरडं ठेवा, स्वच्छ ठेवा, बसून पाजा. सांगायला त्यांचं काय जातंय.

त्या काळी आमच्यात बायका साडीच्या आत काही घालत नसत. बाळंतपणात कमरेला नाडी बांधायची, जुन्या कापडाची घडी पुढून मागं न्यायची आणि नाडीत खोचायची. दोन पावलं चाललं की त्या घडीचा दोर होतो. तो दोर माझ्या टाक्यावर घासायचा. नाडीची गाठ पाठीशी यायची, म्हणून उताणं निजता येईना. नणंदेनं दुकानातून नायलॉनच्या दोन चड्ड्या आणल्या, गुलाबी. त्यांचं इलॅस्टिक पोटात रुतलं आणि कापड टाक्यांना चिकटलं. काढताना जे झालं ते लिहीत नाही.

बसता येईना म्हणून कुशीवर निजून पाजायला बघायची, तर पोरीला नीट धरता येईना. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. पोरीच्या मांड्यांची कातडी सैल पडायला लागली. ही सैल कातडी मी आधी एकदा पाहिली होती. आई नामपूरहून आली होती. ती म्हणायची, "सोस माय. समद्या सोसतस." ती सोशीक होती. तिला दुसरं माहीतच नव्हतं.

आमचे हे बाजारात मापाडी. दिवसभर कांद्याची पोती तोलायची. त्या दिवशी मी किंचाळले तेव्हा हे दारात चपला घालत होते. चपला घातल्या आणि शेजारच्या दुकानात गेले. फळीतून मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, दोन चड्ड्या पाहिजेत. ढगळ. मऊ कापडाच्या."

"कुणाला?"

"चुलत्यांना."

"माप?"

"करा ना तुमच्या अंदाजानं."

"मापाडी ना तुम्ही? कांद्याचं पोतं अंदाजानं घेता काय?"

मशीन थांबलं. मग मास्तरांनी आवाज खाली आणून विचारलं, "चुलत्यांना बाळंत होऊन किती दिवस झाले?"

अंगात ताप, टाके तुटलेले, आणि मी हसले. हसल्यानं आणखी दुखलं.

थोड्या वेळानं कात्रीच्या मुठीनं फळीवर टकटक झाली.

"ताई, मी मास्तर. रागावू नका. कुठं दुखतंय?"

आई उसळली. "लाज वाटस नही का? बाळंतीणले परका माणूस इचारस!"

पलीकडून आईच्याच बोलीत उत्तर आलं. "वाटस ना, मावशी. पण पोर रडस ते ऐकू येस."

आई थांबली. "तू कोठला?"

"सटाणाना."

"मी नामपूरनी," आई म्हणाली आणि खाली बसली. शेजारशेजारची गावं, एवढ्यानं तिचं अर्धं भांडण संपलं. परका राहिला नाही, पुरुष मात्र होता. ती माझ्याकडं बघायला लागली.

मी सांगितलं. फळीकडं पाठ करून सगळं सांगितलं. टाके कुठून कुठवर, घडी कुठं घासते, नाडी कुठं रुतते. हे शब्द मी नवऱ्यापुढंही कधी काढले नव्हते. पलीकडून नुसतं "हं, हं" येत होतं, गिऱ्हाइकानं खिसा कुठं पाहिजे ते सांगावं आणि शिंप्यानं ऐकावं, तसं. मग म्हणाले, "बसल्यावर आधी कुठं टोचतं? डावीकडं का उजवीकडं?"

"डावीकडं."

"बरं झालं सांगितलं."

फटीतून एक नाडी आत आली. "कंबरेला धरा. आवळू नका. पोट आहे तेवढं असू द्या. जिथं जुळंल तिथं गाठ मारा आन् परत द्या." नाडी परत देताना आईनं हात मागं घेतला. बाळंतिणीच्या अंगाला लागलेलं, सोयर फिटायच्या आत बाहेर कसं द्यायचं? मास्तरांनी फटीतून दोन बोटं घातली आणि नाडी ओढून घेतली.

कापड नवं नको म्हणाले, नव्याला खळ असते. आईनं पोरीच्या दुपट्यांसाठी आपलं जुनं लुगडं आणलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ते द्यायला ती तयार होईना. "ते पोरनं शे."

"पोरनी माय बसनी, ते पोर पेई," मास्तर म्हणाले.

आईनं लुगडं टरकन फाडलं.

मग दिवसभर पलीकडचं बोलणं ऐकत पडले. एक हमाल म्हणाला, "मास्तर, लेडीज चालू केलं काय?"

"केलं. तुझं माप घेऊ?"

भिक्षुकी करणारे एक गुरुजी आले. बाळंतिणीचं कापड चढलेल्या मशीनवर माझी बंडी शिवायची नाही म्हणाले. मास्तर म्हणाले, "मशीन बाळंत झालं नाय, महाराज. त्याला कुठलं सोयर?" गुरुजी कापड घेऊन गेले. पुढं दुसऱ्या शिंप्याची बंडी काखेत काचायला लागली तेव्हा मुकाट परत आले.

चड्डी आली ती बघून आईनं तोंडाला पदर लावला. म्हाताऱ्या माणसांची असते तशीच ढगळ, पोटाच्या वर येणारी. इलॅस्टिक नाही. नाडी होती, पण गाठ कुशीला, बरगडीखाली यावी अशी. मधे शिवण नव्हती. आसनाचा तुकडा पुढून मागं अखंड नेला होता आणि जोड मांड्यांवर काढले होते. आतून दोन आडव्या पट्ट्या, घडी सरकू नये म्हणून. आणि पायांच्या कडेला पुरुषांच्या चड्डीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड लावलं होतं. ते कशाला, ते तेव्हा कळलं नाही.

"घातली? आता बसून बघा. मला तोंड दिसत नाय, तेव्हा तुम्हालाच बोलावं लागंल."

गोधडीची घडी करून मी टेकले. "मांडीला काचतंय."

"काढा."

आई म्हणाली, अंगात घातलेली परत कशी देऊ? "धुऊन द्या," मास्तर म्हणाले, "नायतर तशीच द्या." आईनं धुऊन दिली. त्यांनी पायाची जाड दुमड उसवली, पट्ट्यांची कड सपाट करून पुन्हा शिवली. पुन्हा घातली. पुन्हा टेकले.

"ताई?"

"बसले."

"नुसतं बसू नका. हला जरा. डावीकडं वळा. आता उजवीकडं."

वळले. दुखलं, पण सोसेल एवढं. आईनं पोरीला मांडीवर ठेवलं. पोरीनं तोंड इकडं तिकडं घासलं, मग धरलं, आणि ओढायला लागली. तिच्या घशात घोट वाजत होते. पलीकडं मशीन बंदच होतं. पोर पीत होती तोवर ते बंदच राहिलं. मग मास्तर म्हणाले, "दुसरी उद्या देतो," आणि मशीन सुरू झालं.

पट्ट्यांच्या कडेचं कारण चड्डी वाळत घालताना कळलं. बायकांची ती घडीची कापडं कशी वाळायची हे तुम्हाला ठाऊक आहे. कोपऱ्यात, दुसऱ्या साडीच्या खाली, अंधारात, आणि दमट तशीच अंगावर. या चड्ड्या बघून कोणीही म्हटलं असतं पुरुषाच्या आहेत. आईनं त्या गल्लीतल्या तारेवर भर उन्हात टाकल्या. कडक वाळल्या. ह्यांच्या जोडीदारांनी बाजारात ह्यांना छळलं, "काय मापाडी, लुगड्याच्या कापडाच्या चड्ड्या घालता?" हे म्हणाले, "थंड राहतं." आयुष्यात ह्यांनी माझ्यासाठी बरंच केलं, पण हे एक वाक्य मी विसरले नाही.

टाके भरले. ताप उतरला. पोरीच्या मांड्या भरल्या.

पुढं गल्लीतल्या बायकांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. एकदा फळीकडं पाठ करून बोलले होते, आता तोंडासमोर बोलायला काही वाटेना. मग एकेकीचा नवरा खाली मान घालून मास्तरांच्या पायरीशी येऊन उभा राहायला लागला.

"मास्तर, दोन पाहिजेत. चुलत्यांसाठी."

"चुलत्यांचे टाके पुढं का मागं?"

"विचारून येतो."

"विचारायला पाहिजे होतं आधीच. आन् मऊ जुनं कापड घेऊन या. चुलत्यांना म्हणावं, बसून बघा."

दुकानाच्या पाटीवर मात्र शेवटपर्यंत एवढंच होतं, जेन्टस् टेलर.

एकदा मी फळीतून विचारलं, "मास्तर, तुम्हाला बायकांचं हे सगळं कळलं कसं?"

"कळलं कुठं? विचारलं," ते म्हणाले.

फळीतून आम्ही दहा-बारा वर्षं बोललो. पोरीचे दात, ह्यांची खोकल्याची ढास, कांद्याचा भाव, सगळं बोललो. रस्त्यात समोरासमोर आले की मात्र जमिनीकडं बघून म्हणायचे, "बरं आहे ना?" मीही म्हणायची, "बरं आहे." तेवढंच.

मग तयार कपड्यांची दुकानं वाढली. मास्तरांची कंबर गेली. ज्यानं सगळ्या गावाला बसून बघायला लावलं, त्याला मशीनवर तासभर बसवेना. एक दिवस सटाण्याहून पुतण्या न्यायला आला. एसटीनं जायचं होतं. मी गोधडीची जाड घडी केली, मधे कंबरेला येईल तिथं पोकळी ठेवली, चारी बाजूंनी टाके घातले आणि घेऊन बाहेर गेले. पुतण्यानं विचारलं, "ही कुणासाठी?"

"चुलत्यांसाठी," मी म्हणाले.

मास्तरांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी गोधडी पायरीवर ठेवली.

"बसून बघा."

ते बसले. मी मान वाकडी करून त्यांच्या कपाळाकडं बघत राहिले.

"डावीकडं वळा."

वळले. आठी पडली नाही.

पोर तेव्हा शाळेत मोठ्या वर्गात होती. तिनं त्यांच्या कात्रीची पिशवी उचलली आणि स्टँडवर पोचवून आली. मास्तर पुढं सटाण्याला दोन पावसाळे होते, मग गेले. फळ्या काढून मालकानं विटांची भिंत घातली. आई गेली, हेही गेले. त्या खोलीत त्या दिवशी मांडीवर होती ती पोर जगली. आज तिच्या डोक्यात पांढरे केस आहेत. मी पण जगले.